कोर्स झाला, पण कॉम्प्युटर कधी शिकणार?

दहावीचा शेवटचा पेपर देऊन मूल घरी येतं आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "आता सुट्टीत एमएस-सीआयटी करून टाक." माझ्या भाचीलाही हेच सांगितलं गेलं. तिच्या अब्बांनी सांगितलं, शेजारच्या चाचांनी सांगितलं, शाळेतल्या बाईंनीही सांगितलं. तिने कोर्स केला, सर्टिफिकेट आलं आणि ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दहावीच्या गुणपत्रिकेमागे जाऊन बसलं. मग अकरावीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा तिचा मला फोन आला. "मामू, कॉम्प्युटर सायन्स घेऊ का? अब्बा म्हणतात, कॉम्प्युटर तर तुझा झालाय."

कॉम्प्युटर झालाय. गोवर-कांजिण्या झाल्यासारखा. एकदा होऊन गेला की पुन्हा व्हायचा नाही!

मी तेरा-चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आहे आणि माझा कॉम्प्युटर अजून झालेला नाही. पण भावजींना हसण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात गेली वीस-बावीस वर्षं 'कॉम्प्युटर शिकणं' या शब्दांचा अर्थच तो आहे. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी गावोगाव पोहोचलं, सरकारी नोकरीच्या जाहिरातीत त्याची अट आली. त्यातून लाखो लोकांच्या हातात पहिल्यांदा माउस आला. माझ्या थोरल्या बहिणीने तो कोर्स केला होता आणि तेवढ्यावर एका पतसंस्थेत तिला काम मिळालं, घराला आधार झाला. त्या कोर्सला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. तक्रार वेगळी आहे. टायपिंग येणं, एक्सेलमध्ये बेरीज करता येणं, ऑनलाइन फॉर्म भरता येणं ही साक्षरता झाली. अक्षरओळख झाली म्हणजे व्याकरण आलं, असं आपण म्हणतो का? संगणकशास्त्र हा गणितासारखा, भौतिकशास्त्रासारखा एक विषय आहे. माहिती साठवायची कशी, शोधायची कशी, एखादं काम इतक्या बारीक पायऱ्यांत कसं सांगायचं की अजिबात अक्कल नसलेलं यंत्रही ते बिनचूक करेल, आणि अशा कामाला वेळ किती लागेल, हे त्यात शिकायचं असतं. यातलं बरंचसं नववी-दहावीच्या मुलांना शिकवता येतं. आपण शिकवत नाही, एवढंच.

माझं स्वतःचं सांगतो. बारावीला मी बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स घेतलं होतं. दोनशे गुणांचा विषय. त्यात ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर होता, जो १९७६ साली बाजारात आला, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. सी प्लस प्लस होतं, एचटीएमएल होतं. विषय वाईट नव्हता. ८०८५ जुना असला तरी यंत्राच्या पोटात काय चालतं ते समजायला चांगला आहे, नवीन प्रोसेसरपेक्षा सोपा आहे. पण आमच्या कॉलेजात तो आम्ही कसा शिकलो? सर फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचे, आम्ही जर्नलमध्ये उतरवून घ्यायचो, निळ्या शाईने प्रोग्रॅम आणि काळ्या शाईने आउटपुट. आउटपुटसुद्धा फळ्यावरूनच. लॅबमध्ये चार मुलांत एक मशीन, त्यातलं निम्मं बंद. परीक्षेला पाच-पंचवीस प्रोग्रॅम पाठ करून गेलो आणि भरघोस गुण घेऊन बाहेर पडलो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मॅडमनी पाठ नसलेला एक साधा प्रोग्रॅम लिहायला सांगितला, तेव्हा माझी पाटी कोरी होती. हाफिज होण्यासाठी पाठांतर लागतं, प्रोग्रॅमर होण्यासाठी ते उपयोगाचं नाही, हे कळायला मला अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागली.

दोन वर्षांपूर्वी मी गावी एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी वर्ग घ्यायला सुरुवात केली. महिन्यातून दोन रविवार, पुण्याहून पहाटेच्या एसटीने जातो. आठवी ते दहावीची चौदा-पंधरा मुलं-मुली, काही उर्दू माध्यमाची, काही मराठी माध्यमाची. सामान म्हणजे माझा एक लॅपटॉप, एका मित्राने दिलेला दुसरा जुना, आणि एक फळा. मी ठरवून गेलो होतो की पायथन शिकवायचं. पहिल्याच रविवारी बेत मोडला, कारण पंधरा मुलं दोन लॅपटॉपवर पायथन शिकू शकत नाहीत. मग मला न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला 'सीएस अनप्लग्ड' हा प्रकार आठवला. १९९० च्या दशकातला. त्यात संगणकशास्त्र शिकवायचं, पण संगणकाशिवाय. पाच पत्ते घ्यायचे, त्यांवर १, २, ४, ८, १६ असे ठिपके काढायचे, पाच मुलं ओळीत उभी करायची. पत्ता सरळ म्हणजे एक, उलटा म्हणजे शून्य. एवढ्यात शून्यापासून एकतीसपर्यंतचे आकडे तयार होतात. हातमागाच्या घरातली एक मुलगी पाचव्या मिनिटाला म्हणाली, "सर, म्हणजे एक हाताने एकतीसपर्यंत मोजता येतं." आणि तिने बोटं उघडून-मिटून मोजून दाखवलं. मला ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी सुचलं होतं.

पण वर्गाला खरा रंग चढला तो एका अर्जामुळे.

आमच्यातल्या एका मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज दोनदा परत आला. कारण काय तर नाव जुळत नाही. शाळेच्या दाखल्यावर त्याच्या नावातलं 'मोहम्मद' इंग्रजीत पूर्ण लिहिलेलं, आधारवर नुसतं एम-ओ-एच-डी. आडनाव एकीकडे एस-एच-ए-आय-के-एच, दुसरीकडे एस-एच-ई-आय-के-एच. शिवाय शाळेत आडनाव आधी, आधारवर शेवटी. सायबर कॅफेवाल्याने प्रत्येक वेळी दोनशे रुपये घेतले आणि 'सर्व्हर डाउन' असं सांगितलं. मुलगा वर्गात गप्प बसला होता. शेजारचा म्हणाला, "सर, अपने नाम देखके ही निकाल देते वो लोग."

यावर काय बोलावं, मला लगेच सुचलं नाही. नाव पाहून घर नाकारलं जातं, नोकरी नाकारली जाते, हे आपल्याला माहीत आहे. मी स्वतः पुण्यात भाड्याचं घर शोधताना ते पाहिलं आहे. त्या पोराला 'असं काही नसतं' म्हणणं खोटं ठरलं असतं. पण इथे नाव 'पाहिलं' कुणीच नव्हतं. मी फळ्यावर दोन्ही नावं लिहिली आणि विचारलं, कॉम्प्युटरला ही दोन नावं कशी दिसतात?

कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो. इंग्रजीतला मोठा एम म्हणजे ७७. आपला देवनागरी 'म' म्हणजे युनिकोडमध्ये २३५०. उर्दूचा मीम म्हणजे १६०५. तिन्ही आपल्यासाठी 'म'च, यंत्रासाठी तीन परके आकडे. इतकंच काय, इंग्रजीचा मोठा ए ६५ आणि छोटा ए ९७. उर्दू माध्यमाच्या मुलांना मी दाखवलं की उर्दूची ये आणि अरबीची ये शब्दाच्या मध्ये अगदी सारख्या दिसतात, पण आकडे १७४० आणि १६१०. डोळ्याला एक दिसणारे दोन शब्द शोधायला गेलं तर सापडत नाहीत, त्याचं कारण हे. मग 'दोन नावं सारखी आहेत का' या प्रश्नाचा साधा प्रोग्रॅम काय करतो? पहिला आकडा पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी ताडून पाहतो. एक जरी चुकला, तरी उत्तर 'नाही'. शेखच्या तिसऱ्या अक्षराला ए आणि ई वेगळे पडले आणि मुलाचे पैसे अडकले. नियम लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष असेलच असं नाही. बहुधा त्याच्या घरात कुणाचं नाव तीन लिप्यांत आणि चार स्पेलिंगांत लिहिलेलं नसेल, त्यामुळे त्याला ते सुचलंच नसेल.

पुढचे दोन महिने आम्ही हेच केलं. एका अक्षरमालेची दुसरी करायला कमीत कमी किती बदल लागतात, ते मोजायचं. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडलेलं हे अंतर. शेखच्या त्या दोन स्पेलिंगांत अंतर फक्त एक. मुलं म्हणाली, मग दोनपर्यंत अंतर असेल तर माफ करायचं. करून पाहिलं. शेख सुटला, पण मोहम्मद अडकला, कारण एम-ओ-एच-डी आणि पूर्ण मोहम्मद यांत चार अक्षरांचं अंतर पडतं. चारपर्यंत माफ करू, असं एकाने म्हटलं. लगेच दुसरी म्हणाली, "मग सना आणि हिना एकच होतील." बरोबर होतं तिचं.

मग साउंडेक्स आलं. ही पद्धत अमेरिकेत १९१८ साली पेटंट झाली, पुढे तिथल्या जनगणनेच्या नोंदींत नावं शोधायला वापरली गेली. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना उच्चाराप्रमाणे अंक द्यायचे. के, जी, जे, एस यांना २, डी आणि टी यांना ३, एम आणि एन यांना ५, असं. शेख कसाही लिहा, एस-२०० येतो. सय्यदची स्पेलिंगं तर आपल्याकडे डझनभर, पण सगळी एस-३०० वर येऊन थांबतात. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, आता आपल्या वर्गाबाहेरची नावं घालून बघा. थोड्या वेळाने हसण्याचा गोंधळ झाला. साठेसुद्धा एस-३००, शेटेसुद्धा एस-३००. कॉम्प्युटरच्या लेखी सय्यद, साठे आणि शेटे एकाच घरचे निघाले. (हे मला आवडलं, पण शिष्यवृत्तीच्या कामाचं नाही.) आणि एम-ओ-एच-डी? तो एम-३०० येतो, पूर्ण मोहम्मद एम-५३०. म्हणजे तिथे साउंडेक्सही हरलं.

शेवटी मुलांनी जो नियम लिहिला तो असा होता: नाव थोडं वेगळं असेल, पण जन्मतारीख आणि आईचं नाव जुळत असेल तर अर्ज परत पाठवायचा नाही, माणसाकडे तपासायला पाठवायचा. लॅपटॉपवर चाळीस ओळींचा प्रोग्रॅम झाला. नववी-दहावीची मुलं. त्यात अक्षरमाला आल्या, तुलना आली, लूप आले, फंक्शन आलं आणि एका नियमाने कुणाला फायदा, कुणाला तोटा होतो हेही आलं. त्या मुलाचा अर्ज आमच्या प्रोग्रॅमने नव्हे, तर मुख्याध्यापकांच्या पत्राने मार्गी लागला. पण पत्रात काय लिहायचं, कोणत्या दोन ठिकाणी नेमकं काय वेगळं आहे, हे त्या मुलानेच मुद्देसूद सांगितलं. सायबर कॅफेत गेला नाही.

दुसरं उदाहरण मतदारयादीचं. आपल्या भागाची यादी घ्या, हजारभर नावं असतात. यादी घरनिहाय असते, अक्षरांच्या क्रमाने नाही. आपलं नाव शोधायचं तर पहिल्यापासून बघत जायचं, नशीब वाईट असेल तर हजारही बघायची. हीच यादी क्रमाने लावली तर? मधलं नाव बघायचं, आपलं त्याच्या आधी की नंतर ते ठरवायचं, निम्मी यादी फेकायची, पुन्हा मधलं. हजारात जास्तीत जास्त दहा वेळा बघावं लागतं. एक कोटी नावांत चोवीस वेळा. मुलांना आधी खोटं वाटलं. आम्ही चौसष्ट चिठ्ठ्या करून जमिनीवर मांडल्या, सातव्या उघडण्याच्या आत प्रत्येक वेळी नाव सापडलं. मग एका मुलीने विचारलं की यादी क्रमाने लावायलाच किती वेळ लागेल, तो धरला का? हा प्रश्न बी.ई.च्या तोंडी परीक्षेत विचारतात. ती नववीत आहे.

हे मी कौतुक सांगायला लिहीत नाही. वर्गातली पाच मुलं मध्येच गळाली. दोघे वेल्डिंगच्या दुकानात लागले, एकीचं घरच्यांनी येणं बंद केलं. मला म्हणायचंय ते असं की आपल्या मुलांना हा विषय अवघड जातो, ही समजूत निराधार आहे. त्यांना तो कुणी दिलाच नाही.

सरकारची बाजू बघा. शाळांमध्ये आयसीटी योजनेतून लॅब आल्या, शिक्षक आले ते कंत्राटी. पाच वर्षांचा करार संपला की शिक्षक घरी आणि लॅबला कुलूप. नवीन शैक्षणिक धोरणात २०२० साली सहावीपासून कोडिंग असं लिहिलं गेलं. लिहिलेलं वर्गापर्यंत यायला शिक्षक लागतो. आपल्या समाजाच्या संस्थांचीही बाजू बघा. गॅदरिंगला किंवा उद्घाटनाला पाहुणे येतात, भाषणात हमखास अल-ख्वारिझ्मी येतो. 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्या नावावरून आला, हे खरं आहे. नवव्या शतकातल्या बगदादचा तो विद्वान, त्याचा अभिमान असावा. पण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर वीस कॉम्प्युटर प्लास्टिकच्या आवरणाखाली झोपलेले असतात, चावी क्लार्ककडे असते आणि 'मुलं खराब करतील' म्हणून लॅब उघडत नाहीत. असं एक ठिकाण मी पाहिलं आहे, नाव घेत नाही. मुलं खराब करणार नाहीत तर शिकणार कशी?

याउलट केरळकडे पाहा. आयटी@स्कूल हा प्रकल्प तिथे २००१ साली सुरू झाला. त्यांनी कंत्राटी माणूस आणण्याऐवजी शाळेतल्या नेहमीच्या शिक्षकांना तयार केलं, मुक्त सॉफ्टवेअर वापरलं, पुस्तकं मल्याळममध्ये काढली. २०१८ पासून तिथल्या हायस्कुलांत 'लिटल काइट्स' नावाचे मुलांचे क्लब आहेत. आणि आपण खास लक्षात ठेवावं असं नाव म्हणजे मलप्पुरम. मुस्लीम बहुसंख्य असलेला हा जिल्हा. तिथे २००२ मध्ये 'अक्षया' हा कार्यक्रम सुरू झाला, प्रत्येक कुटुंबातल्या निदान एकाला तरी संगणक हाताळता आला पाहिजे, असं उद्दिष्ट ठेवून. मागासलेला म्हणून ओळखला जाणारा जिल्हा त्यासाठी आधी निवडला गेला, शेवटी नाही. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट भाषेची वाटते. मल्याळी मूल मल्याळममध्ये विचार करत कॉम्प्युटर शिकतं.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे उलटा फिरतो. अकरावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलं की इंग्रजी राहते आणि दुसरी भाषा जाते, शिवाय बहुधा जीवशास्त्र जातं. 'माहिती तंत्रज्ञान' हा शंभर गुणांचा विषयही भाषेच्या जागीच घेता येतो. म्हणजे उर्दू माध्यमातून आलेल्या माझ्या भाचीला प्रश्न असा पडतो: उर्दू की कॉम्प्युटर? मराठी माध्यमाच्या मुलाला: मराठी की कॉम्प्युटर? गुण मिळवून देणारा विषय म्हणून बहुतेक जण भाषा सोडतात, आणि भाषेचे शिक्षक कॉम्प्युटरवर चिडतात. ही मांडणीच चुकीची आहे. भाषेशी स्पर्धा लावायचं काही कारण नाही; संगणकशास्त्र गणित-विज्ञानाच्या बाजूचं आहे, त्याला तिथे जागा द्यायला हवी. आणि वर सांगितलं ते आठवा. मीम आणि म चा प्रश्न सोडवायला ज्याला दोन्ही लिप्या येतात तोच लागतो. उर्दू आणि मराठी येणारा प्रोग्रॅमर ही दुबळी बाजू नाही, बाजारात सहज न मिळणारी गोष्ट आहे.

आता नेहमीचा प्रश्न. गेल्या वर्षभरात मला तो मशिदीच्या बाहेर, लग्नात, एसटीत, सगळीकडे विचारला गेला. "आता एआय कोड लिहितो म्हणे, मग पोरांनी हे शिकून करायचं काय?" लिहितो. माझ्या कामात मी स्वतः टाइप केलेल्या ओळी पूर्वीपेक्षा खूप कमी झाल्या आहेत. नवीन मुलांची भरती अवघड झाली आहे, हेही खोटं नाही; कुणी तुम्हाला सहा महिन्यांच्या कोर्सवर पॅकेजचं स्वप्न विकत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. लॉकडाऊनमध्ये सहा वर्षांच्या मुलांना कोडिंग शिकवून कोट्यधीश करण्याच्या जाहिराती आल्या होत्या, त्यांच्यासारखंच ते.

पण एक अनुभव सांगतो. काही महिन्यांपूर्वी आमच्या टीममध्ये नाव तोडून आडनाव वेगळं काढायचं काम होतं. एआयने पाच सेकंदांत कोड दिला. नीटनेटका, चालणारा, चाचण्या पास करणारा. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असं त्याने धरलं होतं. आता आपल्या दहावीच्या सर्टिफिकेटवर 'शेख आयेशा सलीम' असं असतं. त्या कोडने तिचं आडनाव सलीम करून टाकलं असतं, आणि तिच्या भावाशी तिचं नातं रेकॉर्डवर जुळलं नसतं. मीटिंगमध्ये सहा जण होते, ही चूक मला दिसली. मी काही त्यांच्यापेक्षा हुशार नाही. माझ्या अम्मीचं नाव रेशनकार्डावर 'बी' लावून आणि आधारवर 'बेगम' लावून आहे, एवढंच. पण नुसती अम्मी असून भागत नाही, कोड वाचताही यावा लागतो. जो वाचू शकत नाही तो यंत्राने दिलेलं उत्तर मान खाली घालून घेतो, जसं आज आपण सायबर कॅफेवाल्याचं घेतो.

तुमच्यापैकी जे अकरावीच्या दारात आहेत त्यांना विचारलं म्हणून सांगतो. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर सीईटीला भौतिक, रसायन आणि गणितच लागतं. कॉम्प्युटर सायन्स घेतलं नाही म्हणून कुठलंही दार बंद होत नाही, आणि घेतलं म्हणून आपोआप उघडत नाही. गणिताशी मात्र भांडण ठेवू नका. दहावीनंतर डिप्लोमा हाही सरळ रस्ता आहे, तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आमच्या गावातल्या बऱ्याच मुलांनी तोच धरला. आयटीआयला कोपा नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, घरची ओढ असेल तर तोही वाईट नाही. बायफोकल घ्यायचं असेल तर आधी कॉलेजात जाऊन लॅब उघडी आहे का, ते डोळ्यांनी बघा. प्रॉस्पेक्टसमधल्या फोटोवर जाऊ नका. आणि मुलींनो, 'मुलीला घरबसल्या काम मिळतं' हे कारण सांगून कुणी हा विषय देत असेल तर विषय घ्या, कारण मनावर घेऊ नका.

जे माझ्यासारखे शिकून शहरात स्थिरावले आहेत त्यांच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. आपण जकात देतो, ईदला गावी कपडे पाठवतो, मदरशाला पंखा देतो. महिन्यातले दोन रविवार देणं त्याहून महाग पडतं, मला माहीत आहे. माझी मुलगी तीन वर्षांची आहे, बायको त्या दोन रविवारांबद्दल काय म्हणते ते इथे लिहीत नाही. पण गावातल्या शाळेला वीस कॉम्प्युटर दान करण्यापेक्षा, तिथल्या एका गणिताच्या शिक्षकाला दर आठवड्याला तासभर फोनवर तयार करणं जास्त टिकतं. आमच्या अभ्यासिकेत आता तसंच चाललं आहे. उर्दू शाळेतल्या गणिताच्या आपा पत्ते घेऊन बायनरी शिकवतात, मी नसताना. माझ्यापेक्षा बरं शिकवतात.

भाचीने शेवटी बायफोकल घेतलं. भावजी तयार झाले ते माझ्या युक्तिवादाने नाही, तर दोनशेपैकी गुण चांगले पडतात हे ऐकून. उर्दू गेली, त्याचं तिला वाईट वाटतं. रात्री आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. कॉलेजात सध्या ८०८५ च्या सूचना पाठ करून घेताहेत. मागच्या रविवारी ती वर्गात आली होती, मोहम्मदवर अडकलेला तो जुना प्रोग्रॅम तिने पुन्हा काढला. आपल्याकडच्या संक्षिप्त नावांची एक वेगळी यादीच करावी, असं तिचं म्हणणं आहे. एम-ओ-एच-डी, एम-डी, अब्दुलसाठी नुसता ए, गुलामसाठी जी-एच. यादीत चौतीस झाली आहेत. अजून कोणती आहेत, ती मोहल्ल्यात विचारत फिरते आहे.